सुटणारा गोंद, जुनी मासिकं आणि ऑनलाइन बोर्ड : डिझाइनच्या वर्गातल्या कोलाज-साहित्याबद्दल

प्रॉडक्ट डिझाइनच्या पहिल्या वर्षाला मी स्टुडिओ शिकवते. कल्पना अजून धूसर असते त्या टप्प्यावर कोलाज हे माझं सगळ्यात भरवशाचं साधन आहे. त्यासाठी लागणारं साहित्य मी वर्गात वापरत असते, बदलत असते आणि मुलांच्या हातात पडल्यावर त्याचं काय होतं ते बघत असते. त्यातल्या तीन गोष्टींबद्दल इथे लिहिते आहे: उचलून पुन्हा लावता येणारी ग्लू स्टिक, कात्रणांसाठी जुन्या मासिकांचा गठ्ठा आणि ऑनलाइन बोर्ड, म्हणजे पडद्यावर चित्रं लावून हलवता येतात ती फळी. कात्री-कटरबद्दलही थोडं लिहीन, पण मला मनापासून सांगायचं आहे ते गोंदाबद्दल.

ही ग्लू स्टिक दिसायला नेहमीसारखीच असते. फरक एवढाच, की तिने लावलेला कागद अलगद सोलून काढता येतो आणि दुसरीकडे लावता येतो. चिकट चिठ्ठ्यांच्या मागे असतो त्या जातीचा हा गोंद. रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांना तो १९६८ साली थ्रीएम या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला. त्यांना हवा होता मजबूत गोंद आणि हाती लागला दुबळा. तो सूक्ष्म गोळ्यांचा बनलेला असल्यामुळे कागदाला थोड्याच ठिकाणी टेकतो, धरतो आणि सोडतोही. त्याचा उपयोग काय हे कळायला बरीच वर्षं जावी लागली. चिकट चिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आल्या त्या १९८० मध्ये. कोलाज करणाऱ्याला नेमका हा दुबळेपणा हवा असतो.

नेहमीच्या गोंदाने काय होतं ते कोलाज घेतलेल्या प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं असेल. मुलाला एक चित्र आवडतं. तो ते कापतो, कागदाच्या मधोमध चिकटवतो आणि मग उरलेली सगळी चित्रं त्या एका चित्राची मर्जी राखत भोवती गोळा होतात. पहिल्या पाच मिनिटांतला निर्णय पुढचे दोन तास राज्य करतो. तो निर्णय वाईट होता असं मुलाला मध्येच वाटलं तरी कागद फाडून काढायचा जीव होत नाही. त्यावर आणखी एखादं चित्र चढवून वेळ मारून नेली जाते. शेवटी समोर येतो तो भरलेला कागद. त्यात विचार असतोच असं नाही.

सुटणाऱ्या गोंदाने हा पहिला निर्णय कच्चा राहतो. तुकडा लावून मागे सरकता येतं, भिंतीवर टेकवून लांबून बघता येतं, पुन्हा उचलता येतं. नुसते तुकडे टेबलावर मोकळे मांडूनही हे जमेल असं कुणी म्हणेल. जमतं, पण पंख्याचा वारा येईपर्यंतच. शिवाय मोकळे तुकडे उभे करून बघता येत नाहीत आणि कागद उलटा फिरवता येत नाही. माझ्या वर्गात कागद फिरवणं हा तर नियमच आहे. चारही बाजूंनी बघायचं, प्रत्येक बाजूने काय दिसतं ते एका ओळीत लिहायचं.

एक उदाहरण देते, म्हणजे मी कशाबद्दल बोलते आहे ते कळेल. विषय होता रुग्णालयात नातेवाइकांनी वाट बघत बसायची जागा. एका विद्यार्थिनीने निवडलेले तुकडे असे: कपड्याच्या चेनचा खूप जवळून काढलेला फोटो, तिचे दात अर्धे मिटलेले, शिंपल्याच्या पन्हळ्या, जिन्याच्या कठड्याचा वळणाचा भाग, आणि कुणाच्या तरी खांद्याचा, चेहरा नसलेला, लोकरी कपड्यातला तुकडा. सुरुवातीला शिंपला वर होता आणि सगळं मिळून समुद्रकिनाऱ्याची जाहिरात वाटत होती. मग तिने शिंपला सोलून उलटा लावला, चेन त्याच्या कडेला तिरपी आणली आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर पांढरी जागा सोडली. बराच वेळ ती त्या पांढऱ्या जागेकडेच बघत होती. मग म्हणाली, ‘मॅडम, ही दोघं शेजारी आहेत, पण एकमेकांकडे बघत नाहीयेत.’ तिचा पुढचा सगळा प्रकल्प त्या एका वाक्यातून निघाला. तिचं बाक किंचित बाहेर वळलेलं आहे; शेजारी बसलेल्यांच्या नजरा भिडत नाहीत, पण खांदे जवळ राहतात. मध्ये दोघांची मिळून एक रुंद फळी आहे, फाइल आणि पिशवी ठेवण्याजोगी. रडणाऱ्या माणसाला कुणी आपल्या तोंडाकडे बघू नये असं वाटतं आणि एकटंही राहायचं नसतं, हे तिला कुठल्याही प्रश्नावलीने सांगितलं नव्हतं.

शिंपला पहिल्या जागी पक्का बसला असता तर हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

यामागे मानसशास्त्रातलं एक काम आहे आणि मला ते कोलाजसाठी फार मोलाचं वाटतं. रोनाल्ड फिंके यांनी १९९० च्या सुमारास काही प्रयोग केले. लोकांना गोल, शंकू, नळी, हूक, चाक अशा साध्या आकारांपैकी तीन दिले आणि मनातल्या मनात जोडून एखादी वस्तू बनवायला सांगितलं. एका पद्धतीत वस्तू कोणत्या प्रकारची हवी ते आधीच सांगितलं होतं: फर्निचर, अवजार, खेळणं असं काही. दुसऱ्या पद्धतीत आधी नुसता एक आकार जुळवायचा, अर्थ न लावता. प्रकार नंतर सांगितला जाई आणि मग त्या आकाराचा त्या प्रकारात काय उपयोग होईल ते शोधायचं. जास्त कल्पक वस्तू निघाल्या त्या दुसऱ्या पद्धतीत. आधी रूप, मग अर्थ. डिझाइनच्या वर्गात आपण बहुतेक वेळा उलटा क्रम शिकवतो, म्हणून कोलाजचा तास मी मुद्दाम या क्रमाने घेते. विषय ढोबळ सांगते, ‘बाक’ हा शब्द उच्चारतही नाही. कोलाजला शीर्षक शेवटी द्यायचं. आधी शीर्षक लिहिलं की मुलं त्या शब्दाची चित्रं शोधत बसतात.

आता या गोंदाच्या उणिवा. जाड, गुळगुळीत मुखपृष्ठाचा कागद तो फार वेळ धरून ठेवत नाही. रात्रभर भिंतीवर ठेवलेलं काम सकाळी खाली गळालेलं असू शकतं. वर्तमानपत्राचा पातळ कागद सोलताना फाटतो, तिथे अगदी पुसटसा हात फिरवायचा. उचल-ठेव बरीच झाली की तुकड्याच्या पाठीवर कागदाचे तंतू आणि धूळ बसते आणि तो धरेनासा होतो. पुन्हा गोंद लावावा लागतो. जमा करायच्या अंतिम कामासाठी हा गोंद अजिबात नाही. माझी पद्धत अशी: प्रत्येक मोठ्या बदलानंतर फोनवर वरून सरळ फोटो, आणि मांडणी ठरल्यावरच नेहमीची पक्की ग्लू स्टिक. पांढरा पातळ गोंद मी टाळते, कारण त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि सुकताना सुरकुततो. फवारायचा गोंद बंद खोलीत वास आणि वाफ दोन्ही करतो, वर्गात नकोच.

ते मधले फोटो मला अंतिम कोलाजपेक्षा जास्त उपयोगी पडतात. क्रिटच्या वेळी, म्हणजे वर्गात कामांवर चर्चा होते तेव्हा, आम्ही ते ओळीने लावतो आणि एकच गोष्ट विचारतो: कुठल्या क्षणी दिशा बदलली? ती उमजली की मूल स्वतःच्या विचाराकडे बाहेरून बघायला शिकतं. व्यावसायिक माणसं काम करताना कसा विचार करतात याचे अभ्यासक डॉनल्ड शॉन यांनी डिझाइनच्या कामाला परिस्थितीशी चाललेला संवाद म्हटलं आहे. एक हालचाल करायची, समोर काय झालं ते बघायचं, त्यातून पुढची हालचाल सुचते. हा संवाद चालू राहायला समोरच्या गोष्टीला हलता आलं पाहिजे.

हे काही नवं नाही. आजारपणानंतर म्हातारपणी फ्रेंच चित्रकार मातिस रंगवलेले कागद कात्रीने कापत आणि त्यांचे मदतनीस ते तुकडे टाचण्यांनी भिंतीवर लावत. इकडे जरा, खाली जरा, असं दिवसेंदिवस चाले. पक्कं चिकटवणं फार नंतर. त्यांच्या कित्येक कटआउट्समध्ये टाचण्यांची भोकं आजही दिसतात. कलेतिहासाचे अभ्यासक आबी वारबुर्ग यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत काळं कापड लावलेल्या फळ्यांवर शेकडो छायाचित्रं अशीच मांडली, काढली, पुन्हा मांडली. १९२९ मध्ये ते गेले तेव्हा शेवटच्या मांडणीत ६३ फळ्या होत्या आणि काम अपुरं होतं. विद्यार्थ्यांना मी या दोघांची कामं दाखवते ती भोकांसाठी आणि फळ्यांच्या बदलत गेलेल्या मांडणीसाठी. पिकासोचं १९१२ मधलं, वेताच्या खुर्चीची छापील नक्कल चिकटवलेलं चित्र सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेलं असतं. ते महत्त्वाचं आहेच, पण विचार कसा हलतो हे मातिसच्या भिंतीवर जास्त स्पष्ट दिसतं.

कात्री आणि कटरबद्दल थोडक्यात. दोन्ही हवेत. कटरने काटेकोर कड मिळते आणि कडेबरोबर कडकपणाही येतो. कात्रीला कागद फिरवावा लागतो, त्यामुळे रेषा मोकळी येते. हाताने फाडलेली कड तिसरीच भाषा बोलते, तिलाही वाव द्यावा. कटर असेल तर कटिंग मॅट आणि धातूची पट्टी असलीच पाहिजे, आणि बोथट पातं वेळेवर मोडावं, कारण जोर लावल्यावरच हात घसरतो. डावखुऱ्या मुलांसाठी डाव्या हाताची कात्री वर्गात ठेवा. ती नसल्यामुळे एखादं मूल तासभर गप्प बसलेलं असतं आणि आपल्याला वाटतं त्याला कल्पना सुचत नाहीत.

आधाराचा कागद ए३. ए४ वर हात अडखळतो, ए२ दिला की मुलं रिकामी जागा भरण्याच्या मागे लागतात.

मासिकांच्या गठ्ठ्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण कोलाजचं बरंचसं यश इथेच ठरतं. डिझाइनची, घरसजावटीची, फॅशनची मासिकं मी सरळ बाजूला काढते. त्यातली चित्रं म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी तयार उत्तरं. शेती, यंत्रं, विज्ञान, प्राणी, खेळ, वैद्यकीय उपकरणांचे जुने कॅटलॉग, नकाशे, हे सगळं चालतं. गठ्ठा जितका बेमेळ तितका चांगला. आणि एक अट: कापलेल्या तुकड्यात अख्खी ओळखू येणारी वस्तू असता कामा नये. अख्खी खुर्ची नको, तिच्या पायाचा जमिनीला टेकणारा कोपरा हवा. वस्तूचं नाव गळून पडलं की पोत, वळण, ताण, वजन दिसू लागतं.

छापील मासिकाची आणखी एक गोष्ट पडद्यावर मिळत नाही. प्रत्येक पानाला पाठ असते. या बाजूचं चित्र कापलं की मागचं गेलं. ही निवड खरी असते, ती करताना मुलं थांबतात, दोन्ही बाजू बघतात, कधी पाठचीच बाजू जास्त आवडते. ज्यांना चित्र कापवतच नाही त्यांना मी झेरॉक्स काढायला सांगते. रंग गेल्यावर आकार बोलू लागतो, आणि लहान-मोठं करता येतं हा वेगळा फायदा. रंगाच्याच सरावासाठी मात्र रंगीत कागदाला पर्याय नाही. चित्रकार आणि शिक्षक योजेफ आल्बर्स विद्यार्थ्यांना रंगाऐवजी रंगीत कागद वापरायला लावत. कागदाचा तोच रंग पुन्हा पुन्हा तसाच मिळतो, रंग कालवत बसावं लागत नाही आणि शेजार बदलला की तोच रंग कसा वेगळा भासतो हे लगेच तपासता येतं.

आता ऑनलाइन बोर्ड. मी त्यांचा वापर करते आणि विद्यार्थ्यांनीही करावा असं मला वाटतं, फक्त योग्य वेळी. वेगवेगळ्या ठिकाणी असलेल्या गटाला एकत्र काम करायचं असेल तर याला तोड नाही. चित्र कुठून घेतलं त्याचा दुवा जवळ राहतो, श्रेय देणं सोपं जातं. जुनी आवृत्ती हवी तेव्हा परत आणता येते. ज्यांना हाताच्या अडचणीमुळे कात्री धरता येत नाही त्यांना हा मार्ग खुला आहे, आणि एवढ्या एका कारणासाठीही तो वर्गात असायला हवा. तुकडे हलवणं तर इथे कागदापेक्षाही सोपं.

मग अडतं कुठे? शोधाच्या चौकटीत. तिथे चित्राच्या आधी शब्द लिहावा लागतो. ‘शांत’ लिहिलं की एकावर एक रचलेले गोटे आणि निळं पाणी येतं, कारण जगाने त्यालाच शांत म्हणून ठेवलेलं आहे. एकावर बोट ठेवलं की त्यासारखी आणखी पन्नास येतात. गठ्ठा चाळताना हात भलत्याच पानावर थांबतो; शोधयंत्र मागितलं तेच देतं. ‘बाक’ शोधणाऱ्याला शेकडो सुंदर बाकं दिसतात आणि इथे धोका आहे. जॅन्सन आणि स्मिथ या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डिझाइन करणाऱ्यांच्या एका गटाला आधी एक नमुना दाखवला होता. एका कामात न सांडणारा कॉफीचा कप बनवायचा होता. स्ट्रॉ किंवा तोंडाला लावायची चोच वापरू नका असं स्पष्ट सांगितलं होतं, पण दाखवलेल्या नमुन्यात नेमक्या त्याच गोष्टी होत्या. नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांमध्ये त्या जास्त प्रमाणात उतरल्या. मनाई असूनही. डोळ्यांनी पाहिलेलं उत्तर इतकं चिकट असतं. म्हणून पहिल्या आठवड्यात मी ऑनलाइन बोर्ड उघडू देत नाही. दिशा सापडल्यावर, साहित्य आणि रंग ठरवताना, ग्राहकाला किंवा गटाला भाव समजावताना त्याचा मूडबोर्ड, म्हणजे प्रकल्पाचा भाव दाखवणारा चित्रांचा फलक, म्हणून छान उपयोग होतो. मूडबोर्ड ठरलेलं पटवून देतो, विचाराचं कोलाज अजून ठरायचं असतं. दोन्हींना एकाच नावाने असाइनमेंट दिली की मुलांचा गोंधळ होतो.

अमर्याद पडद्याचाही त्रास आहे. जागा संपतच नाही, त्यामुळे काही काढून टाकावं लागत नाही. ए३ कागद भरला की नवीन तुकड्यासाठी जुना उचलावाच लागतो, आणि काय उचलायचं हे ठरवताना खरं बोलणं सुरू होतं. ऑनलाइन बोर्ड वापरायचाच असेल तर मी त्यावर एक चौकट आखून देते, चित्रांची संख्या बांधून देते आणि चित्रं मुलांनी स्वतः काढलेल्या फोटोंतूनच घ्यायला सांगते. एवढ्याने फरक पडतो. वाक्य लिहिलं की चित्र तयार करून देणारी साधनं मात्र मी या टप्प्यावर ठेवत नाही. त्यांत सांधे बुजलेले असतात. चेन आणि शिंपल्याच्या मधली ती बोटभर जागा कुणीतरी आधीच भरून दिलेली असते.

या साहित्याचा वर्गाबाहेरचा एक उपयोग मला फार आवडतो. डिझाइन संशोधक एलिझाबेथ सँडर्स यांनी सहभागी डिझाइनमध्ये रूढ केलेली पद्धत अशी, की चित्रं आणि शब्दांचा संच थेट वापरणाऱ्या माणसांच्याच हातात द्यायचा, त्यांना आपल्या अनुभवाचं कोलाज करू द्यायचं आणि मग त्यावर बोलतं करायचं. विद्यार्थ्यांना मी बजावते की कोलाजचा अर्थ आपण लावायचा नाही, ज्याने केलं त्याने सांगायचा. प्रश्न विचारल्यावर ‘ठीक आहे, काही त्रास नाही’ म्हणणारी माणसं कोलाज दाखवताना पाच-दहा मिनिटं सलग बोलतात. इथे सुटणारा गोंद विशेष चांगला, कारण अनोळखी माणसाला ‘चुकलं तर काढता येईल’ एवढं सांगितलं की तो मोकळा होतो. चित्रांचा संच करताना सगळी सुखी, हसरी चित्रं भरू नयेत. काही अस्पष्ट, काही कंटाळवाणी, काही टोचणारी हवीत.

गुण देण्याबद्दल एक तक्रार नोंदवते. कोलाज किती देखणं झालं यावर गुण देणारे ज्युरी मी पाहिले आहेत आणि त्याने या साधनाचं फार नुकसान होतं. पुढच्या वेळी मुलं रंगसंगती जुळवतात आणि धोका पत्करत नाहीत. गुण द्यायचेच तर मधल्या फोटोंना, चार दिशांनी लिहिलेल्या चार ओळींना आणि कोलाजमधून निघालेल्या पहिल्या रेखाटनांना द्यावेत. कोलाज झाल्याबरोबर, त्याच बैठकीत, पेन्सिल हातात घेऊन भराभर रेखाटनं करायची. एक दिवस मध्ये गेला तरी धागा सैल होतो.

कुणासाठी काय, ते सांगते. फाउंडेशन किंवा पहिल्या वर्षाच्या वर्गासाठी सुटणारी ग्लू स्टिक जरूर घ्या, दोन-तीन मुलांत एक पुरते. टोपण घट्ट लावायची सवय लावा, ती लवकर सुकते. ग्राफिक डिझाइनच्या मुलांना छपाईसाठी पक्कं कोलाज करायचं असेल तर तिचा उपयोग फक्त मांडणीपुरता. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांनी तिच्याबरोबर टाचण्या आणि मऊ फळीही ठेवावी, कारण त्यांचे तुकडे जाड पुठ्ठ्याचे असतात आणि हा गोंद ते पेलत नाही. मासिकांचा गठ्ठा दर सत्राला अर्धा बदला. तीच पानं फिरत राहिली की वर्गभर तोच शिंपला दिसू लागतो. ऑनलाइन बोर्डाचं वर्गणीवालं खातं घेण्याआधी फुकट मिळणाऱ्या सोयींत एक पूर्ण प्रकल्प करून बघा, एका वर्गाला बहुधा तेवढं पुरतं. उरलेली रक्कम चांगल्या कात्र्यांवर खर्च करा, त्यातली निदान एक डाव्या हाताची.